ऑफिस पुण्यात, काम नाशिकहून: बोलावलं आणि गेलं नाही तर?

गोदाकाठ
ऑफिस हिंजवडीत आणि माणूस इंदिरानगरला, अशा नोकऱ्या नाशकात आता गल्लोगल्ली आहेत. नेमणूकपत्रावर कामाचं ठिकाण पुणे. घरून काम २०२० मध्ये सुरू झालं ते एखाद्या मेलवर नाहीतर तोंडीच. आता कंपनीने ‘पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस ऑफिस’ असं कळवलं आणि माणूस गेला नाही, तर त्याला काढलं असं धरतात की त्याने राजीनामा दिला असं? भरपाई मिळते का? आणि नोकरकपातीत घरून काम करणाऱ्यांचा नंबर आधी लागतो, हे खरं का?

सातपूरकर
दोन्ही नाही. गैरहजेरी धरतात, आणि गोम तिथेच आहे.

पत्रावर पुणे असेल तर घरून काम ही सवलत ठरते, हक्क नाही. तारीख उलटल्यावर घरूनच लॉगिन करत राहिलात तर कंपनी आधी खुलासा मागते, मग चौकशी लावते. गैरवर्तन सिद्ध झालं की कपातीची भरपाई मिळत नाही. राजीनामा दिला तरीही नाही. म्हणून ‘तुम्हीच राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगलं देऊ’ हे वाक्य सगळ्यात महागात पडतं.

काम उरलं नाही म्हणून काढलं तर हिशोब वेगळा. औद्योगिक संबंध संहिता हा नवा कामगार कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. सलग एक वर्ष सेवा झाली असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं वेतन. महिना ५०,००० धरले तर चार वर्षांचे साधारण एक लाख. हे ५०,००० म्हणजे सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) नव्हे, कायद्यातलं ‘वेतन’, म्हणजे मुख्यतः मूळ पगार आणि महागाई भत्ता. भल्याभल्यांचा गोंधळ इथेच होतो.

मात्र हे सगळं ‘कामगार’ व्याख्येत बसणाऱ्यांना. व्यवस्थापकीय काम करणारे बाहेर, आणि देखरेखीचं काम करून महिना १८,००० च्या वर घेणारेही बाहेर. पदनाम काय आहे ते गौण, रोज प्रत्यक्ष काय करता ते बघतात. कार्डावर ‘मॅनेजर’ आणि दिवसभर एक्सेल भरणं, असा माणूस आत येऊ शकतो.

तेव्हा तारखेच्या आधी लेखी उत्तर द्या: हजर राहायला तयार आहे, घर शोधायला इतके दिवस हवेत, तोवर घरून कामाची परवानगी मिळावी. ‘येणार नाही’ हे शब्द मेलमध्ये नकोत.

कागदपत्री
कपातीच्या क्रमाबद्दल. कायद्यात ‘घरून काम करणारा’ असा वर्गच नाही. एका प्रकारच्या कामातला शेवटी आलेला आधी जातो. क्रम मोडायचा तर कंपनीला कारण नोंदवावं लागतं. हे कारण बहुतेक वेळा मूल्यमापनाचं असतं, आणि घरून काम करणारा तिथे मार खातो, कारण त्याचं काम साहेबाला फक्त निकालात दिसतं, धडपडीत नाही. दर शुक्रवारी पाच ओळींचा मेल पाठवा: काय संपलं, काय अडलं, कोणामुळे अडलं. चॅटवर लिहिलेलं पुढे सापडत नाही, आणि काढल्याच्या दिवशी लॉगिन बंदच होतं. नेमणूकपत्र, घरून कामाच्या परवानगीचा मेल, पगारपत्रकं आणि मूल्यमापनाची पत्रं आधीच स्वतःकडे ठेवा. ग्राहकाचा डेटा मात्र चुकूनही नको, नाहीतर तेच गैरवर्तन होऊन बसतं.

घरून काम करताना चोरून धरलेली दुसरी नोकरीही गैरवर्तनच ठरते, आणि ती लपून राहत नाही. एकाच यूएएनमध्ये (पीएफच्या कायम क्रमांकात) दोन कंपन्यांचा पीएफ एकाच महिन्यात दिसतो. विप्रोने २०२२ मध्ये याच कारणावरून ३०० जणांना काढल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. कामावर आहोत असं भासवायला माउस आपोआप हलवणारी यंत्रंही त्याच वाटेने नेतात.

द्राक्षबाग
कायदा राहू द्या, आधी वीज बघा. ‘नेट गेलं होतं’ हे महिन्यात चारदा झालं की मूल्यमापनात उतरतं.

इन्व्हर्टरची १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास, हाती येतात हजार-बाराशे. लॅपटॉप आणि राउटर मिळून ८० वॅट, म्हणजे दिवस निघतो. तरी कॉल तुटतो, कारण इन्व्हर्टर साध्या मोडवर असतो आणि वीज जाताच त्या क्षणात राउटर पुन्हा सुरू होतो. यूपीएस मोडवर टाका, नाहीतर राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. गल्लीतल्या फायबरच्या डब्याचीच वीज गेली तर हे सगळं फुकट, म्हणून मोबाइल डेटा दुसऱ्या कंपनीचा हवा.

गोदाकाठ
काढलंच तर तक्रार नाशिकला की पुण्याला?

सातपूरकर
पत्रावर पुणे असेल तर पुण्याच्या कामगार आयुक्तालयातच सलोखा अधिकाऱ्याकडे जा. नाशिकला अर्ज दिलात तर कंपनीचा पहिला आक्षेप अधिकारक्षेत्राचाच येईल आणि महिने जातील. अर्जाला ४५ दिवस होऊनही तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या, ४५ दिवस तिच्यावरूनच मोजतात.