सोसायटी ग्रुप: रविवारी काय ऐकवायचं आणि फाइल कशी पाठवायची

बी-४०२: रविवारच्या श्रवणासाठी ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या रेकॉर्डवरून केलेली फाइल वर टाकली आहे. बाईंचा आवाज बारीक आणि गाणं घाईत वाटतंय. मशीन ७८ वरच होतं. काय चुकलं असेल?

सी-७०१: ताई, मशीन बरोबर आहे. ती रेकॉर्डच ७८ ची नसणार. इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग १९२५ मध्ये आलं. त्याआधीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या तबकड्या ७० पासून ८० च्या वरपर्यंत कुठल्याही वेगाने कापलेल्या सापडतात.

बी-४०२: मग खरा वेग कळणार कसा?

सी-७०१: पेटी घ्या. त्याच गायिकेच्या, साधारण त्याच काळातल्या दुसऱ्या रेकॉर्डींवर षड्ज कुठे आहे ते बघा. समजा बाकी सगळीकडे काळी ४ आहे आणि तुमच्या फाइलमध्ये पांढरी ६ लागतेय, तर गाणं एक पट्टी वर चढलंय. एक पट्टी म्हणजे वेगात सुमारे ६ टक्के फरक. ऑडॅसिटीत (ध्वनी संपादनाचं फुकट सॉफ्टवेअर) ‘चेंज स्पीड अँड पिच’ (जुन्या आवृत्तीत ‘चेंज स्पीड’) उघडून वेग ०.९४४ ने गुणा. म्हणजे तबकडी साधारण ७३.६ ची होती. ‘चेंज पिच’ला हात लावू नका, त्याने सूर उतरेल पण लय घाईतच राहील.

उतारवयातली रेकॉर्ड तुलनेला घेऊ नका. वयाबरोबर षड्ज खाली येतो आणि सगळा हिशेब बिघडतो.

ए-१०३: काका, आमच्या मशीनवर ३३ आणि ४५ एवढेच वेग आहेत. ७८ ची कशी घेऊ?

सी-७०१: ४५ वर वाजवून घे आणि नंतर १.७३३ ने वेग वाढव. पण सुई बदलल्याशिवाय लावू नकोस. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं असतं, ७८ च्या खाचेला ७६ च्या आसपासचं लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथला कचरा वाजवते. मग लोक म्हणतात, रेकॉर्ड खराब आहे.

डी-३०५: पुसायला स्पिरिट चालेल ना? एलपी आम्ही त्यानेच पुसतो.

सी-७०१: ७८ ला अजिबात नाही! ती लाखेची असते, स्पिरिटने विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, खाचेच्या दिशेने गोल. लेबल ओलं होऊ देऊ नका.

बी-२०४: त्या फाइलबद्दल आणखी एक. ताईंनी खरखर काढलेली दिसतेय, पण तिच्याबरोबर तानपुराही गेलाय. ऑडॅसिटीतल्या नॉइज रिडक्शनला (खरखर काढायची सोय) एकसारखा चालणारा कुठलाही आवाज कचराच वाटतो. नमुना निवडताना सुरुवातीची, गाणं सुरू होण्याआधीची नुसती खरखर घ्या. त्यात तानपुऱ्याचा एक झंकार जरी आला तरी पुढे सगळा तानपुरा पुसला जातो. आणि ६ डेसिबलवर थांबा. १५-२० केलंत की आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो.

त्याआधी दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो करा. ७८ च्या खाचेत गाणं आडव्या हालचालीत असतं, त्यामुळे मोनो केलं की उभ्या हालचालीची घरघर आपोआप कमी होते. मूळ फाइल मात्र न पुसता वेगळी ठेवा.

बी-४०२: मूळ आहे. शेवटी इंग्रजीत काहीतरी बोलतात ते कापू का?

बी-२०४: नका! १९०२ मध्ये कलकत्त्याला गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हापासूनच्या कित्येक तबकड्यांवर गायक शेवटी स्वतःचं नाव सांगतात. मूळ साचे छपाईला जर्मनीत हॅनोव्हरला जायचे, नाव बोललेलं असलं की घोळ टळायचा. लेबल फाटलेल्या तबकडीवर आज तोच पुरावा उरतो.

डी-३०५: आमच्याकडे कॅसेटच आहेत. आवाज गोधडीखालून आल्यासारखा. टेपच गेली का?

ए-१०३: काकू, आधी टेपच्या मागचा छोटा फेल्टचा तुकडा बघा. तो गळून पडला असेल तर टेप हेडला नीट टेकत नाही. तो जागेवर असेल तर हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू. कॅसेट चालू ठेवून, हेडफोनवर मोनोत ऐकत, अगदी पाव पाव वळसा फिरवा. टाळ किंवा घुंगरू जिथे सर्वात लख्ख ऐकू येतील तिथे थांबा. ज्या डेकवर ती भरली गेली त्याच्या हेडचा कल वेगळा होता, एवढंच. दुसऱ्या कॅसेटला पुन्हा जुळवावं लागेल. आणि कॉम्प्युटरवर भरून घ्यायच्या आधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे करून घ्या.

सी-७०१: पाठवताना व्हॉइस नोट म्हणून रेकॉर्ड करून टाकू नका, तो प्रकार बोलण्यासाठी आहे. ‘डॉक्युमेंट’ निवडून फ्लॅक (FLAC) फाइल जोडा. न दाबलेली वेव्ह (WAV) फाइल स्टिरिओत मिनिटाला सुमारे १० एमबी खाते, फ्लॅक साधारण निम्मी, आणि आवाजात काही गमावत नाही.

ए-१०३: यूट्यूबवर टाकली तर सगळ्यांनाच सोपं.

बी-२०४: जुनी म्हणून मोकळी असं नसतं रे. रचनेचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा, आणि मुदत देशागणिक बदलते. तपासल्याशिवाय नको.

डी-३०५: आणि कृपा करून एकदम वीस लिंका नकोत. एकही उघडली जात नाही.

बी-२०४: अगदी. एका वेळी एक, पाच मिनिटांच्या आतली, आणि सोबत एकच ओळ: कान कुठे द्यायचा. बालीचं गॅमेलान (इंडोनेशियातला, मुख्यतः धातूच्या वाद्यांचा ताफा) नुसतं पाठवलं तर निम्मे म्हणतील बेसूर आहे. तिथे वाद्यांची जोडी मुद्दामच एकमेकांपासून किंचित सरकवून लावतात, त्या फरकातून थरथर उठते. हे आधी लिहिलं तर माणूस ती थरथरच शोधतो. तुवाचं (रशियातल्या सायबेरियाचा एक प्रदेश) कंठगायन असेल तर ‘हेडफोन लावा’ लिहा. एकाच गळ्यातून खालचा धरलेला सूर आणि वरची शीळ दोन्ही निघतात, पण फोनच्या स्पीकरवर खालचा सूर जवळजवळ गायब होतो आणि नुसती शिट्टी उरते.

ए-१०३: सुरुवात कुठून करायची? ॲप तर फिरून फिरून तेच सुचवतं.

बी-२०४: नासाच्या व्हॉयेजर यानांवरची तबकडी घे. १९७७ मध्ये अंतराळात गेली, २७ तुकडे, सगळे मिळून दीडेक तास. केसरबाई केरकरांची भैरवी त्यात आहे, म्हणजे घरचं एक आलं. तिथून जॉर्जियाचं समूहगान, जावाचं गॅमेलान, पेरूची बासरी. जे आवडेल त्याचा धागा धरून स्मिथसोनियन फोकवेज या अमेरिकन लोकसंगीत-संग्रहाच्या साइटवर जा, तिथे अल्बमसोबतच्या पुस्तिका फुकट उतरवता येतात. वाद्यं, गायक, गाव, सगळं त्यात असतं.

सी-७०१: मी तर साथीदार धरतो. गायक आवडला की सारंगीवर कोण ते बघायचं, मग त्या सारंगियाने आणखी कोणाला साथ केली ते. ॲप त्या वाटेने सहसा जात नाही. लेबल वाचता येत नसेल तर मधल्या गुळगुळीत भागावर कोरलेला नंबर टॉर्च तिरका धरून वाचा आणि डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या सूचीच्या साइटवर शोधा.

बी-४०२: ०.९४४ करून पाहिलं. षड्ज काळी ४ वर आला, तान आता दमाने घेतल्यासारखी वाटतेय. नवी फाइल टाकते. नाव काय देऊ?

सी-७०१: गायिका, राग, तबकडीचा नंबर, आणि शेवटी ‘७३.६’. पुढे कोणाला शंका आली तर हिशेब पुन्हा करता येईल.