मॅट्रिक्स रचनेतल्या दोन साहेबांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (ऐरोली) : नव्या टीम-लीडसाठी मराठीत माहितीपत्रक करायचंय. मॅट्रिक्स स्ट्रक्चर (एकाच माणसाला दोन साहेब असलेली रचना), फंक्शनल मॅनेजर, प्रोजेक्ट मॅनेजर, डॉटेड लाइन (रचनेच्या तक्त्यात दुसऱ्या साहेबाशी तुटक रेघेने दाखवलेलं नातं) यांना कोणते शब्द वापरावेत? बरेच जण शॉप-फ्लोअरवरून वर आलेत, वाचताक्षणी कळलं पाहिजे.

उत्तर (ठाणे) : मॅट्रिक्सचा प्रतिशब्द 'आव्यूह' गणितातच राहू द्या. मॅट्रिक्सच ठेवा. पुढे विभागप्रमुख आणि प्रकल्पप्रमुख. डॉटेड लाइनला 'अप्रत्यक्ष नियंत्रण'.

उत्तर (महापे) : पहिल्या तिन्हींना माझी संमती, पण 'अप्रत्यक्ष' नको. प्रकल्पप्रमुख रोज समोर उभा राहून काम मागतो, त्यात अप्रत्यक्ष काय आहे? फरक अधिकाराचा आहे. रजा कोण मंजूर करतं, अप्रेझल कोण लिहितं, हे विभागप्रमुखाकडे असतं. कोणतं काम, कधीपर्यंत, हे प्रकल्पप्रमुख सांगतो. म्हणून 'प्रशासकीय वरिष्ठ' आणि 'कामापुरता वरिष्ठ' म्हणा. सरकारी कामांत प्रशासकीय मान्यता वेगळी आणि तांत्रिक मान्यता वेगळी असते, त्यामुळे ही विभागणी आपल्याकडे अंगवळणी पडलेली आहे.

एका माणसाला एकच वरिष्ठ असावा, हे फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये मांडलं. मॅट्रिक्स हे तत्त्व जाणूनबुजून मोडते, मग कोणाचा शब्द कुठे अखेरचा हे लिहून ठेवावंच लागतं. आमच्याकडे कंट्रोल पॅनेल बनतात. ड्रॉइंग करणारा मुलगा एकच, त्याच्यावर दोन प्रकल्प. एका पॅनेलची ग्राहकाकडून तपासणी गुरुवारी, दुसऱ्याचं ड्रॉइंगही गुरुवारीच हवं. दोन्ही प्रकल्पप्रमुख 'आधी माझं' म्हणून मोकळे झाले. तो मुलगा रात्री उशिरापर्यंत बसला आणि दोन्ही कामं अर्धवट राहिली. दोष त्याचा नव्हता. 'कोणाचं आधी' हे दोघा प्रमुखांनी आपसांत बसून, विभागप्रमुखासमोर ठरवायचं असतं. ते ओझं सगळ्यांत कनिष्ठ माणसावर टाकणं अन्याय आहे.

प्रश्नकर्ता : 'रासी' (RACI) तक्त्यात, म्हणजे कोणत्या कामात कोणाची काय भूमिका हे दाखवणाऱ्या तक्त्यात, रिस्पॉन्सिबल आणि अकाउंटेबल दोन्हींना 'जबाबदार'च लिहिलंय. तिथे काय करू?

उत्तर (महापे) : हे आवर्जून बदला. जबाबदार म्हणजे मुळात जबाब देणारा, म्हणून तो शब्द अकाउंटेबलला द्या. रिस्पॉन्सिबलला 'काम करणारा'. करणारे चार असतील, जबाबदार एकच. उरलेले दोन रकाने 'आधी विचारायचं' आणि 'नंतर कळवायचं'.

उत्तर (ठाणे) : पटलं, 'अप्रत्यक्ष' मागे घेतो. पण 'कामापुरता' कानाला थोडा हलका लागतो. 'प्रकल्पापुरता वरिष्ठ' केलं तर?

उत्तर (महापे) : चालेल, उलट जास्त नेमकं आहे. प्रकल्प संपला की ते नातंही संपतं, हे त्यातच आलं.