देणगी, अनुदान की फिरता निधी?

प्रश्न: जर्मनीतल्या ‘हेटएड’ या संस्थेवर लेख लिहिते आहे. ऑनलाइन द्वेष सोसावा लागलेल्यांना ही संस्था सल्ला देते आणि त्यातल्या काहींच्या दाव्यांचा खर्च उचलते. तिच्याकडे येणाऱ्या सगळ्या पैशाला ‘देणगी’ म्हटलं तर चालेल का? आणि दावा जिंकल्यावर मिळालेली भरपाई संस्थेकडे जमा होते, तिला ‘परतफेड’ म्हणावं का?

उत्तर: सरसकट ‘देणगी’ नको. बर्लिनच्या या संस्थेला 2018 पासून सामान्य लोक पैसे देतात, काही प्रतिष्ठानं देतात, आणि तिथल्या न्याय व कुटुंब मंत्रालयांकडूनही पैसा मिळालेला आहे. यातला लोकांनी दिलेला पैसा म्हणजे देणगी. मंत्रालयांचं मात्र अनुदान. ते ठरलेल्या कामासाठी आणि ठरलेल्या मुदतीपुरतं असतं, त्याचा हिशेब द्यावा लागतो आणि मुदत सरली की पुन्हा अर्ज करावा लागतो. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेवर लोक संशय घेतात, आणि तो प्रश्न विचारण्याचा त्यांना हक्कच आहे. ‘अनुदान’ असं स्वच्छ लिहिलं की कोणत्या कामासाठी आणि किती, हे तरी नेमकं विचारता येतं.

‘परतफेड’ मात्र अजिबात लिहू नका. परतफेड कर्जाची असते, आणि इथे फिर्यादी कर्ज घेतच नाही. जर्मनीत दिवाणी दावा हरणाऱ्याला समोरच्याचाही खर्च सोसावा लागतो. या धास्तीनेच कितीतरी माणसं शिवीगाळ आणि धमक्या मुकाट्याने गिळतात. हेटएडने दावा हाती घेतला की हरण्याचा भार तिच्यावर. जिंकल्यास भरपाई तिच्याकडे येते आणि पुढच्या कुणाच्या तरी दाव्याला लागते. याला ‘फिरता निधी’ हा शब्द बसतो. तो कर्जाच्या व्यवहारातही वापरतात, म्हणून पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडून सांगा.

दुसरं उत्तर: ‘फिरता निधी’ पटला, पण तो आपोआप भरत राहतो असा समज होऊ देऊ नका. जर्मनीतल्या ग्रीन पक्षाच्या राजकारणी रेनाटे क्यूनास्ट यांचं प्रकरण बघा. फेसबुकवर त्यांना अत्यंत घाणेरड्या शब्दांत हिणवलं गेलं. लिहिणाऱ्यांची माहिती मिळावी म्हणून त्या न्यायालयात गेल्या. हेटएड पाठीशी होती. 2019 मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने ती भाषा खपवून घेतली. देशाच्या राज्यघटना न्यायालयाने खालच्या न्यायालयांचे निर्णय चुकीचे ठरवले, ते जाहीर व्हायला फेब्रुवारी 2022 उजाडला. एवढी वर्षं लढाई चालली ती फक्त नावं कळण्यासाठी. अशा दाव्यात भरपाईचा प्रश्नच येत नाही, मग निधीत परत काय येणार? हा खड्डा देणग्या आणि अनुदानांनीच भरावा लागतो. लेखात हे यायलाच हवं.

आणि ‘भरपाई’च्या जागी ‘दंड’ लिहू नका. दंड फौजदारी खटल्यात होतो, त्यातला पैसा फिर्यादीला मिळत नाही.

प्रश्न: आणि संस्था ‘ना-नफा’ आहे, मग वर्षाअखेरी पैसे उरले तर त्यांना काय म्हणावं?

उत्तर: उरू शकतात. ‘नफा’ म्हणू नका, ‘शिल्लक’ म्हणा. ती मालकांत वाटता येत नाही, संस्थेच्या कामातच घालावी लागते.