पेंटॅगॉनचा हिशोब दरवर्षी जुळत नाही, मग तिथला वित्तप्रमुख करतो काय?

रोहन_के

मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात आहे. मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत अकाउंट्सला आहे. आमच्याकडे ऑडिटरने साधा शेरा मारला तरी सीएफओंचा, म्हणजे वित्तप्रमुखांचा, आवाज चढतो आणि आम्ही दोन दिवस फायली उपसत बसतो. आणि इकडे अमेरिकेचं संरक्षण खातं! 2018 पासून त्यांचं पूर्ण ऑडिट व्हायला लागलं आणि 2024 पर्यंत सलग सात वेळा ते नापास झालंय म्हणे. मालमत्ता चार ट्रिलियन डॉलरच्या घरात. तिथे वित्तप्रमुखाचं कंप्ट्रोलर नावाचं पद आहे, त्याच्या नेमणुकीला सिनेटची मंजुरी लागते, हाताखाली फौज असणार. तो माणूस दिवसभर करतो काय? आमच्याकडे असं दोनदा झालं असतं तर तिसऱ्या वर्षी खुर्चीवर दुसराच दिसला असता.

शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की एकट्या आर्मीचे साडेसहा ट्रिलियन डॉलर गायब आहेत. हे खरं आहे का? कुणी त्या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा.

खवचट_काका

त्यात काय सांगायचं? खाल्ले. पुढचा प्रश्न.

वसुधा_र

काका, खाणारे असतीलच, पण या प्रश्नाचं उत्तर ते नाही.

मी अमेरिकेत एका फेडरल खात्याच्या वित्त शाखेत बरीच वर्षं काढली. संरक्षण नव्हे, मुलकी खातं. पण कायदे तेच, आणि सप्टेंबरमधली डोकेदुखीही तीच. त्यामुळे थोडं लांबण लावते.

आधी तो 'नापास' शब्द. रोहन, तुम्हाला फरक ठाऊक असणार, बाकीच्यांसाठी लिहिते. हिशोब चुकीचा आहे असं ऑडिटरने म्हटलेलं नाही. मत द्यायला पुरेसा पुरावाच मिळाला नाही, म्हणून मी मत देत नाही, असं तो म्हणतोय. याला डिस्क्लेमर म्हणतात. खात्याच्या वेगवेगळ्या घटकांची स्वतंत्र ऑडिटं होतात. 2024 मध्ये अशा 28 पैकी 9 घटकांना स्वच्छ मत, म्हणजे हिशोब ठीक आहे असा निर्वाळा, मिळालं होतं. जे अडकलेत ते मोठे आहेत: आर्मी, नेव्ही, एअर फोर्स.

साडेसहा ट्रिलियनचं म्हणाल तर आकडा खरा, अर्थ खोटा. 2015 सालच्या आर्मीच्या हिशोबाबद्दल खात्याच्या महानिरीक्षकांनी (खात्यातलेच, पण स्वतंत्र तपासनीस) 2016 मध्ये दिलेल्या अहवालातला तो आकडा आहे. त्या वर्षी अख्ख्या अमेरिकी केंद्र सरकारचा खर्चसुद्धा चार ट्रिलियनच्या आत होता. मग एकट्या आर्मीतून साडेसहा ट्रिलियन जातील कुठून? ती वर्षअखेरच्या जर्नल एन्ट्रींची बेरीज होती. एका सिस्टिममधला आकडा दुसरीत उतरला की जुळत नाही, मग मध्ये एन्ट्री टाकून जुळवतात. तीच रक्कम या खात्यातून त्या खात्यात, तिथून वरच्या एकत्रित ताळेबंदात जाते, आणि मोजताना प्रत्येक फेरी धरली जाते. काळजीची गोष्ट दुसरीच आहे. त्या एन्ट्रींना आधार देणारा कागद नव्हता. आकडा का बदलला, कुणाच्या सांगण्यावरून बदलला, हे विचारलं तर दाखवायला काही नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. कंप्ट्रोलरच्या दारावर पाटी एक असली तरी आत धंदे दोन आहेत.

पहिला बजेटचा. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दिलेला पैसा नुसता पैसा नसतो. कशासाठी, किती आणि कधीपर्यंत, हे तिन्ही त्याला चिकटलेलं असतं. संरक्षणात दैनंदिन चालवण्या-दुरुस्तीचा निधी साधारण एका वर्षाचा, संशोधनाचा दोन वर्षांचा, शस्त्रखरेदीचा तीन, जहाजबांधणीचा पाच. एका रंगाचा, म्हणजे एका कामासाठी दिलेला, पैसा दुसऱ्या कामाला लावायचा नाही. मंजुरीपेक्षा जास्त खर्चाची बांधिलकी केलीत तर अँटीडेफिशियन्सी ॲक्ट आहे. जाणूनबुजून केलं असेल तर त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. या भीतीमुळे सरकारी खात्यात कुठल्या शीर्षाखाली किती शिल्लक आहे हे माहीत नाही असं सहसा होत नाही. हे काम तिथे चोख चालतं, आणि कंप्ट्रोलरचा बहुतेक दिवस त्यातच जातो: काँग्रेसच्या समित्या, पुढच्या वर्षाचं बजेट, चालू वर्षाचं वेळेत मंजूर झालं नाही म्हणून गेल्या वर्षीच्या पातळीवर खातं हाकणं.

दुसरा धंदा ताळेबंदाचा. आपल्याकडे काय आहे, त्याची किंमत किती, देणं किती. हा प्रश्न सरकारी खात्यांना पद्धतशीरपणे विचारायला सुरुवात झाली 1990 च्या सीएफओ ॲक्टने. म्हणजे खासगी कंपनी ज्या सवयीत जन्माला येते ती सवय यांना प्रौढपणी लावायची आहे. आणि ताळेबंद जुळला म्हणून कुणाची बढती झाल्याचं मी पाहिलं नाही. बढती होते निधी आणला आणि वेळेत संपवला म्हणून. फेडरल वर्ष 30 सप्टेंबरला संपतं. त्या महिन्यात आमचे फोन थांबत नसत. प्रत्येक प्रोग्रॅमवाल्याला हवं असे की उरलेली रक्कम कुठल्या तरी करारात अडकवून द्या, नाहीतर पुढच्या वर्षी म्हणतील यांना गरज नाही. अमुक जनरेटर अजून तळघरात आहे का, हे विचारायला त्या महिन्यात एकही फोन यायचा नाही. खरं तर कुठल्याच महिन्यात यायचा नाही.

आणि सगळ्यात अवघड भाग: सही याची, माहिती दुसऱ्यांची. एखादं इंजिन खरेदी शाखा घेते, कुठल्या तरी तळावरचा स्टोअरकीपर उतरवून घेतो, लॉजिस्टिक्सवाले फिरवतात, वैमानिक वापरतात. यातला एकही जण कंप्ट्रोलरच्या हाताखाली नाही. लॉजिस्टिक्सच्या जुन्या सिस्टिम बनल्या त्या दोन प्रश्नांसाठी, किती आहेत आणि कुठे आहेत. कितीला घेतलं हे त्यात नसेच, कारण विमान दुरुस्त करायला किमतीचा उपयोग काय? स्टोअरकीपरच्या जागी मी असते तर मीही ती लिहिली नसती.

याचा परिणाम बघा. ऑडिट सुरू झाल्यावर फ्लॉरिडात जॅक्सनव्हिलच्या नौदल तळावर एक गोदाम सापडलं. आत 12 कोटी 60 लाख डॉलरचे विमानांचे सुटे भाग, नोंद कुठेच नाही. त्यात एफ-14 या लढाऊ विमानाचेही भाग होते, आणि नौदलाने एफ-14 निवृत्त केलं 2006 मध्ये. कुणी चोरलेलं नव्हतं. उलट माल जागेवर होता, कागद नव्हता, आणि कागद नाही म्हणजे तोच भाग पुन्हा विकत घेतला जाण्याचा धोका.

सीए_निखिल

वसुधाताई, छान लिहिलंत. पण मला स्वच्छ मताचं हे कौतुक जरा जास्त वाटतं. 2024 मध्ये त्याच महानिरीक्षकांचा दुसरा अहवाल आला होता, सी-17 विमानाच्या सुट्या भागांबद्दल. स्वच्छतागृहातल्या साबणाच्या डिस्पेन्सरला बाजारभावाच्या 80 पटींहून जास्त दाम मोजला होता. हा व्यवहार ऑडिटमध्ये सुखाने पास होईल. ऑर्डर आहे, बिल आहे, माल मिळाल्याची पावती आहे, पैसे दिल्याची नोंद आहे. ताळेबंद बरोबर, खिसा रिकामा. मग एवढा आटापिटा करून लोकांच्या पदरात काय?

रोहन_के

अगदी हेच विचारणार होतो. आणि मालमत्ता रणगाड्यांची, पाणबुड्यांची. त्या काही विकायच्या नाहीत. मग त्यांची पुस्तकी किंमत काढून करायचं काय?

वसुधा_र

निखिल, साबणाचा मुद्दा मान्य. भाव योग्य होता का हे वित्तीय ऑडिट विचारत नाही, ते खरेदीवाल्यांनी आणि महानिरीक्षकांनी बघायचं. स्वच्छ मत म्हणजे उधळपट्टी नाही, असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे.

पण रोहन, पुस्तकी किमतीचं काय करायचं म्हणता? 2023 चं युक्रेनचं प्रकरण घ्या. अमेरिका आपल्या साठ्यातली शस्त्रं युक्रेनला देत होती, आणि किती डॉलरची द्यायची याला काँग्रेसने मर्यादा घातली होती. काही ठिकाणी किंमत लावताना नवीन घ्यायला किती पडेल तो आकडा धरला गेला. धरायची होती घसारा वजा जाता उरलेली पुस्तकी किंमत. जूनमध्ये खात्याने जाहीर केलं की दोन वर्षांत मिळून 6.2 अब्ज डॉलर जास्त धरले गेले. म्हणजे मर्यादा संपत आली असं सगळे समजत होते, आणि प्रत्यक्षात तेवढ्या रकमेची शस्त्रं अजून पाठवता येत होती. विकायचा नसलेला जुना रणगाडा कितीचा, या कारकुनी वाटणाऱ्या प्रश्नावर युद्धातली मदत अडली होती. मला तरी हे उदाहरण पुरेसं वाटतं.

एफ-35 या लढाऊ विमानाचं तर अजून विचित्र आहे. सुट्या भागांचा जागतिक साठा अमेरिकी सरकारच्या मालकीचा, पण ठेवलेला आणि सांभाळलेला ठेकेदारांनी. 2018 पासून दहा लाखांहून जास्त भाग हरवल्याची नोंद आहे, किंमत साडेआठ कोटी डॉलरच्या वर, आणि त्यातल्या दोन टक्क्यांचीही छाननी सरकारी कार्यालयाने केली नव्हती. हे अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने, जीएओने, 2023 मध्ये लिहिलंय.

एवढ्या मोठ्या खात्याला स्वच्छ मत मिळूच शकत नाही असंही नाही. होमलँड सिक्युरिटी, म्हणजे देशांतर्गत सुरक्षेचं खातं 2003 मध्ये 22 कार्यालयं एकत्र करून उभं केलं. प्रत्येकाची सिस्टिम वेगळी, सवयी वेगळ्या. त्यांना पहिलं स्वच्छ मत 2013 या आर्थिक वर्षासाठी मिळालं. मरीन कोअर या सैन्यदलाची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. त्यांना 2012 च्या एका मर्यादित पत्रकावर स्वच्छ मत मिळालं, गाजावाजा झाला, आणि 2015 मध्ये महानिरीक्षकांनी ते मागे घेतलं. मग पुन्हा पायापासून सुरुवात. शेवटी 2023 च्या पूर्ण हिशोबावर दोन वर्षं चाललेलं ऑडिट, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये स्वच्छ मत. माझ्या मते ते जमलं कारण तिथे मोजणीचं काम गणवेशातल्या माणसांनी आपलं मानलं. वित्त शाखेने पाठवलेल्या ईमेलने दारूगोळा मोजला जात नाही.

बाकीच्यांना आता कायद्यानेच मुदत आहे: 31 डिसेंबर 2028 पर्यंत संपूर्ण खात्याला स्वच्छ मत हवं. मला शंका आहे.

खवचट_काका

ताई, शब्द मागे घेतो, निम्मा. तुम्हाला त्या खुर्चीत बसवलं तर सोमवारी सकाळी पहिलं काय कराल ते सांगा.

वसुधा_र

सोमवारी सकाळी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष असते, काका. मंगळवारी बघू.

मी वर्षअखेरच्या जुळवाजुळवीच्या एन्ट्री मागवीन, रक्कम मोठी ते लहान अशा लावून. वरच्या काही मोजक्या एन्ट्रींतच बहुतेक रक्कम असते, हा माझा अनुभव. प्रत्येकीसमोर एका माणसाचं नाव, हुद्दा नव्हे, नाव. मग त्याच्यासोबत बसून विचारायचं की ही एन्ट्री दरवर्षी का करावी लागते. उत्तर जवळजवळ नेहमी दोन सिस्टिमच्या मधल्या जोडात निघतं. एकीतली अक्षरं दुसरी वाचत नाही, किंवा कोड बदलला आणि कुणी कुणाला कळवलं नाही. आमच्या खात्यात अशी एक एन्ट्री वर्षानुवर्षं चालत आली होती. ती करणारी बाई निवृत्तीला आली तेव्हा साहेबांना त्या एन्ट्रीचा पत्ता लागला, कारण ती कशी करायची हे दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं.

जोड दुरुस्त करायला पैसे लागतात, आणि सिस्टिम दुसऱ्याची असल्याने तो म्हणतो माझ्या बजेटमध्ये नाही. इथे मात्र कंप्ट्रोलरचा पहिला धंदा दुसऱ्याच्या कामी येतो. त्या सिस्टिमवाल्याची पुढच्या वर्षाची मागणी याच्याच टेबलावरून पुढे जाणार असते. तिथे अडवायचं: आधी जुना जोड दुरुस्त करण्याची रक्कम आणि तारीख मागणीत लिहा, मग नव्या मॉड्यूलचं बोलू. फार लोकप्रिय व्हाल असं नाही. पण लॉजिस्टिक्सच्या जनरलला हुकूम देता येत नसेल, तर त्याच्या मागणीपत्रावर प्रश्नचिन्ह काढायचा अधिकार तरी आहे, आणि माझ्या पाहण्यात तो वापरणारे कंप्ट्रोलर कमी होते.