नवा अणू की नवा रेणू? आणि 'बुरशीनाशक' चालेल का?

मेधा_वडोदरा: मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझ्या कामावर लेख लिहितेय. आमच्या प्रयोगशाळेत बुरशीच्या संसर्गावर नवी औषधं शोधतात. मी लिहिलं, 'नवा अणू तयार केला'. काका म्हणाले, "अगं, अणू म्हणजे अ‍ॅटम! तो कसा तयार करशील?" मी गुजराती माध्यमातली. आमच्या पुस्तकात अ‍ॅटम म्हणजे परमाणू, मॉलिक्यूल म्हणजे अणू. काय लिहू? आणि अँटिफंगलला 'बुरशीनाशक' ठीक आहे ना?

दांडियाबाजारकर: काका बरोबर आहेत. मराठीत अणू, रेणू, संयुग. 'नवं संयुग' लिही. बुरशीनाशक मात्र नको, ते द्राक्षांवर फवारतात. 'कवकरोधी' लिही.

सासर_नाशिक: कवक कुणाला कळणार हो? २०२१ साली 'काळी बुरशी' म्हटल्यावर घराघरात कळलं. माझ्या भाच्यासाठी अ‍ॅम्फोटेरिसिन हे त्यावरचं औषध शोधत आम्ही चार दिवस फिरलो. तेव्हा कवक कुणाच्या तोंडी नव्हतं.

दांडियाबाजारकर: बोलायला बुरशी, लिहायला कवक. शास्त्राला नेमका शब्द हवाच.

मेधा_वडोदरा: नेमकेपणाचंच सांगते. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये औषध कमी-कमी करत नेतो. बुरशी वाढली तो खळगा गढूळ, नाही वाढली तो नितळ. पण फ्लुकोनॅझोल या औषधाच्या नितळ खळग्यातला थेंब ताज्या पोषक माध्यमावर टाकला, तर कँडिडा ही बुरशी बहुधा पुन्हा उगवते! मेलेली नसते, नुसती थोपलेली असते. अ‍ॅम्फोटेरिसिन मारतं. म्हणजे एक रोधक, एक नाशक. दोन्हींना मिळून काय म्हणू?

जुना_बडोदेकर: ताई, अणूही राहू द्या. महाराजांच्या 'सयाजी शासन शब्द कल्पतरू'त १९३१ साली एकेका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी आणि इतर भाषांतले शब्द शेजारी-शेजारी मांडले. आपली मराठी अशीच शेजारात वाढली. पुण्याचा शिक्का कशाला?

दांडियाबाजारकर: तो कारभाराचा कोश, रसायनाचा नव्हे. अंक पुण्यालाही जातो. तिथे 'नवा अणू' वाचून लोक भलतंच समजतील.

सासर_नाशिक: औषधांना तरी कुठे शुद्ध नावं असतात? निस्टॅटिन हे नाव न्यूयॉर्क स्टेटवरून. आणि पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन सापडलं, ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! बुरशीवरच्या औषधात आपलं गाव आहे, हे मेधाताईंनी लेखात घ्यावंच.

जुना_बडोदेकर: आमच्या आजीला 'संसर्ग' माहीत नव्हता. बोटांच्या बेचक्यात पांढरं पडून सोललं की चिखल्या, अंगावर गोल चट्टा आला की गजकर्ण. हत्तीच्या कानासारखा पसरतो म्हणून, असं ती सांगे.

सासर_नाशिक: आमच्याकडे नायटा. गजकर्ण मोठा, नायटा लहान, असा फरक सासूबाई करत.

दांडियाबाजारकर: फरक नाही, एकच. गुजराती दादर, हिंदी दाद, दोन्ही संस्कृत दद्रूवरून.

जुना_बडोदेकर: एकच कसं? आजी दोन्हींना वेगवेगळा पाला लावायची.

मेधा_वडोदरा: अंक सोमवारी छापायला जातोय. 'संयुग' घेतलं. नाशक की रोधक, ते कुणी सांगेल का?

सासर_नाशिक: कुठला पाला हो?