गिरगावातील मामांची धाप आणि कफातील रक्त : सोमवारपर्यंत थांबावे का?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.
मामांच्या खोकल्यातून आज सकाळी पुन्हा रक्त पडले. मामींच्या अंदाजाने ते दोन चमचे तरी असावे. परवापर्यंत केवळ जिना चढताना लागणारी धाप आता अंथरुणातून उठून मोरीपर्यंत जातानाही लागते. छातीच्या तज्ज्ञांची वेळ सोमवारची मिळाली असून तोवर घ्यायला फॅमिली डॉक्टरांनी खोकल्याचे पातळ औषध दिले आहे. मामा इस्पितळाचे नाव काढू देत नाहीत. सोमवारपर्यंत थांबावे की आजच न्यावे, आणि न्यायचे झाल्यास मुंबईतले कोणी सोबत जाईल का, हे कृपया लगेच कळवावे.
– भाची

चि. भाचीस,
मामांच्या थोरल्या बंधूंना क्षय झाला होता, हे आमच्या पिढीतील सर्वांना ठाऊक आहे. माझे वडीलही शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात राहून बरे झाले. त्या काळी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने घेऊन त्यांचे दंड सुजत आणि आई डबा घेऊन लालबागहून चालत जात असे. आता साध्या क्षयावर सहा महिन्यांच्या गोळ्या पुरतात आणि सरकारी केंद्रांत त्या मोफत मिळतात. त्यामुळे घाबरून न जाता सोमवारी कफ तपासावा, असे मला वाटते.
– माजी अध्यक्ष

माननीय माजी अध्यक्षांस,
क्षयाची शंका रास्त आहे. आपल्याकडे कफातून रक्त पडले की ती प्रथम घ्यावीच लागते, आणि सीबीनॅट या कफाच्या यंत्र-तपासणीत साधारण दोन तासांत क्षयाचे जंतू आहेत का व ते रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देतील का, हे कळते. परंतु क्षय गृहीत धरून थांबणे मला मुळीच मान्य नाही. मामा आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाहून लांबचा विमानप्रवास करून नुकतेच परतले आहेत. तासन्‌तास एका जागी बसल्याने पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेली, तर एकाएकी धाप लागते, श्वास घेताना छातीत टोचते आणि कधी कफात रक्तही येते. म्हणून मामींनी आत्ताच त्यांच्या दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. एक सुजलेली किंवा दुखरी असेल, तर ते इस्पितळात आवर्जून सांगावे. सूज नसली तरी गुठळी नाहीच, असे समजू नये.
आडवे झाल्यावर धाप वाढत असेल आणि कफ गुलाबी, फेसाळ असेल, तर हृदयाकडे पाहावे लागते. लहानपणीच्या सांधेज्वराने अरुंद झालेली झडपही असे करते. पूर्वी क्षय होऊन गेला असेल, तर त्याच्या जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढतो किंवा श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, आणि क्षयाचा एकही जंतू नसताना रक्त पडते. मामांनी अनेक वर्षे विड्या ओढल्या आहेत, त्यामुळे कर्करोगाचा विचारही टाळता येणार नाही. यांतले काय आहे, ते एक्स-रे, ईसीजी, रक्तातील ऑक्सिजन आणि गरजेनुसार सीटी स्कॅन केल्यावरच ठरेल. आपण पत्रांतून ठरवू शकणार नाही. रक्त आणि धाप दोन्ही असताना आजच कॅज्युअल्टीत न्यावे.
– छातीच्या विभागातील निवृत्त डॉक्टर, परळ

सर्व संबंधितांस,
वैद्यकीय सल्ला प्रथम आरोग्य उपसमितीकडे यावा, असे ठरलेले असताना तो थेट सर्वांना पाठवला गेला, याची नोंद घ्यावी. मुंबईतील इस्पितळांची यादी समितीने कष्टाने तयार केली आहे. तसेच अँजिओप्लास्टीनंतर मामा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात. त्या आजपासून बंद कराव्यात, असे मामींना कोणी सांगितले आहे का?
– चिटणीस, आरोग्य उपसमिती

चिटणीसांस,
यादी जरूर पाठवावी, पण कोणाचीही वाट पाहू नये. गोळ्या घरच्या घरी बंद करणे धोक्याचे आहे, कारण त्याने अँजिओप्लास्टीत हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी, म्हणजे स्टेंट, बंद पडू शकतो. त्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा सोबत न्याव्यात आणि पुढचा डोस घेण्याआधी तिथल्या डॉक्टरांना विचारावे. खोकला दाबणारे औषध मात्र देऊ नये. आत साठलेले रक्त बाहेर पडले पाहिजे. अशा वेळी रक्त कमी होण्यापेक्षा श्वासनलिका रक्ताने भरून जीव गुदमरण्याचे भय अधिक असते.
– निवृत्त डॉक्टर

मी दादरहून निघालो आहे. चाळीला लिफ्ट नाही आणि तिसऱ्या मजल्यावरून मामांना चालवत उतरवणे योग्य नाही. हातांची लाकडी खुर्ची पहिल्या मजल्यावरच्या वळणात अडकते, हे काकूंच्या वेळी आम्ही पाहिले आहे. म्हणून बिनहातांची खुर्ची शेजाऱ्यांकडून मागून ठेवावी आणि दोन माणसे थांबवावीत. 108 वर फोन करून रुग्णवाहिकेत ऑक्सिजन हवा, असे मामींनी स्पष्ट सांगावे. नायर किंवा जे. जे., जिथे लवकर पोहोचू तिथे जाऊ.
– दादरचे सभासद

दादरच्या दादांस,
मामींनी पाहिले; डावी पोटरी सुजलेली आहे. दादा येत आहेत म्हटल्यावर मामा यायला तयार झाले. बंधूंच्या आजारपणानंतर काढलेली त्यांची स्वतःची छातीची जुनी फिल्म सापडली आहे, पण तिचा अहवाल नाही. नुसती फिल्म आणावी का?
– भाची

आणावी. जुना डाग कोणता आणि नवा कोणता, हे तिच्यावरून कळेल. सुजलेल्या पोटरीला तेल लावून चोळू नये, आणि तिच्याविषयी दारातच सांगावे.
– निवृत्त डॉक्टर