चुलतभावाला गावचं घर बक्षीस द्यायचंय, कर कोणाला लागेल?

पायरीचा_आंबा
संगमेश्वर तालुक्यातलं आमचं चिरेबंदी घर. आजोबांनी हयातीतच वाटण्या केल्या, त्यात ते बाबांकडे आलं. बाबा 2019 मध्ये गेले. आता वारस आई, ताई आणि मी. पावसाआधी कौलं परतून घेणं, घरपट्टी, गणपतीआधीची साफसफाई, सगळं तिथे राहणारा चुलतभाऊ, आमचा दादा, करतो. आम्ही डोंबिवलीहून पाहुण्यासारखे जातो. घर त्याच्या नावावर करायचं तिघांनीही ठरवलंय. भावोजी म्हणतात, "भावाला बक्षीस म्हणजे 200 रुपयांचं काम." खरंय का? रेडीरेकनरने (सरकारी मूल्यदराने) 22 लाख होतात.

खतावणी
भावोजींना नमस्कार सांगा, पण नाही. 200 रुपयांची सवलत नवरा-बायको, मुलं, नातवंडं, दिवंगत मुलाची पत्नी एवढ्यांनाच. चुलतभावाला मुद्रांक शुल्क खरेदीखतासारखंच.

खरा फटका आयकराचा. 'नातेवाईक' या व्याख्येत चुलत, मामे, आते, मावस भावंडं बसतच नाहीत. त्यामुळे तिघांनी मिळून दिलं तर तुमचा आणि ताईंचा दोन-तृतीयांश हिस्सा, म्हणजे सुमारे 14.67 लाख, हे दादाचं उत्पन्न धरणार; आईंचा हिस्सा सुटतो. त्याची दुसरी काही कमाई नसली तरी नव्या करप्रणालीत 2025-26 च्या दरांनी सेससकट सुमारे 1,04,000 रुपये.

पायरीचा_आंबा
बाप रे! घराच्या बदल्यात त्याला कर्जात घालायचं की काय?

खतावणी
थांबा. नातं घेणाऱ्याच्या बाजूने बघतात. आई-वडिलांची भावंडं आणि त्यांचे जोडीदार व्याख्येत आहेत. म्हणजे काकूने पुतण्याला दिलं तर आयकर नाही. (उलट पुतण्याने काकाला दिलं तर मात्र लागतो. कायदा आहे, करणार काय!) तुम्ही आणि ताईंनी आधी आईच्या नावे हक्कसोडपत्र करा. वडिलोपार्जित मिळकतीचं आईला सोडलं तर मुद्रांक 500 रुपये, नोंदणी फी वेगळी. मग आईने दादाला बक्षीसपत्र द्यायचं. तिथलं मुद्रांक शुल्क मात्र चुकत नाही. दोन्ही मसुदे सीएला दाखवूनच सही करा.

माडाची_सावली
मृत्युपत्राचाही विचार करा. त्यातून मिळालं तर आयकर नाही, मुद्रांकही नाही. फक्त आईंना ते कधीही बदलता येतं, त्यामुळे दादा अधांतरी राहतो. आणि आंब्याची बागही द्यायची असेल तर दादाचं नाव कुठल्यातरी सातबारावर आहे ना बघा. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन बक्षीसही देता येत नाही.

पायरीचा_आंबा
बाग आधीपासून त्याचीच आहे. आई म्हणते, "कागद आत्ताच करा. पण माजघराशेजारची खोली माझी, मी मे महिन्यात येणार."

खतावणी
मग बक्षीसपत्रातच त्यांचा तहहयात राहण्याचा हक्क लिहून घ्या. दोन साक्षीदार हवेत, नोंदणी सक्तीची, आणि दादाने स्वीकारल्याचा मजकूर त्यातच घाला. स्वीकार आईंच्या हयातीतच व्हावा लागतो. नंतर ग्रामपंचायतीत नमुना 8 वर (घरपट्टीच्या नोंदवहीत) नाव चढवायला दादालाच पाठवा.